स्विफ्टचं ऑइल घरी बदलायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, वॉरंटी कधीच संपलेली. इचलकरंजीत घरापुढं सिमेंटचं अंगण आहे, हात काळे करायची तयारी आहे. ऑइल आणि फिल्टर घरी बदलता येईल का, गाडीसोबत मिळालेला जॅक पुरेल का, ऑइल कुठलं घ्यायचं आणि निघालेल्या काळ्या ऑइलचं काय करायचं?

बदलता येईल की. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं आणि ट्रॅक्टरचं ऑइल शेतकरी स्वतःच बदलत आलेत. कारमध्ये त्याहून वेगळं असं काही नाही, फक्त जागा अडचणीची आहे.

पैसे वाचवायला म्हणून करणार असाल तर मात्र हिशोब घालून बघा. मजुरीचे काहीशे रुपये वाचतात. पहिल्या खेपेला जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय), सॉकेट, फिल्टरचा पाना घेण्यात त्याहून जास्त जातात. खरा फायदा निराळा आहे. डबा तुम्ही फोडलेला, ऑइल तुम्ही ओतलेलं, फिल्टर खरंच बदलला की पुसून तोच बसवला याची शंका नाही. गाडी खालून बघायची सवय लागते ती वेगळीच. ॲक्सलचा रबरी बूट फाटलेला, कुठं तरी ओल आलेली, सायलेन्सरचा रबर तुटलेला, हे सगळं त्या निमित्तानं दिसतं.

घरी ऑइल बदलून बिघडलेल्या गाड्या आमच्या गॅरेजला येतात, पण खोलताना बिघडलेली क्वचितच एखादी. सगळा घोळ बंद करताना होतो. म्हणून खाली आवळण्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय, ते वगळू नका.

आधी जॅक. डिकीतला तो कात्रीसारखा उघडणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. चाक काढताना माणूस गाडीच्या बाजूला बसतो, खाली जात नाही. त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातसुद्धा घालू नका. तुमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची जागा, १७० मिलीमीटर. न उचलता हात कसाबसा आत जातो, पण पाना फिरवायला जागा मिळत नाही आणि डोळ्यांना काही दिसत नाही. त्यामुळं एक तर दोन जॅक स्टँड घ्या, प्रत्येकी दोन-तीन टनांचे, नाही तर पुढची चाकं चढवायचे लोखंडी रॅम्प. मला विचाराल तर नवख्याला रॅम्प बरे. गाडी चढवताना एकजण बाहेर उभं राहून बघणारा हवा, एवढंच. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड यांवर गाडी टेकवू नका. वीट फुटायच्या आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, सरळ फुटते.

जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. स्टँड दाराखालच्या पट्टीवर जिथं खाचा आहेत तिथंच लागले पाहिजेत. गाडी स्टँडवर बसली की बाजूनं दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा. हलायची असली तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

आता ऑइल. तुमच्या १.२ लिटरच्या के-सिरीज इंजिनात फिल्टर बदलताना साधारण ३.१ लिटर लागतं. ३.५ लिटरचा पॅक घेतला की काम होऊन थोडं उरतं. ते उरलेलं वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढून गाडीसाठीच ठेवा, मोटरसायकलमध्ये ओतू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या मिश्रणानं तो घसरायला लागतो. म्हणून तर बाइकच्या डब्यावर जासो एमए असं वेगळं लिहिलेलं असतं.

ग्रेड तुमच्या पुस्तिकेत छापलाय. मारुती या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगत आली आहे. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती चटकन पळतं त्याचा, दुसरा शंभर अंश तापमानाला ते किती दाट राहतं त्याचा. इथं एक सल्ला हमखास मिळतो की आपल्याकडं ऊन जास्त, तेव्हा दाट २०डब्ल्यू-५० घाला. घालू नका. बाहेर चाळीस अंश असो की वीस, चालत्या इंजिनात ऑइल शंभरच्या आसपासच असतं, कारण कूलिंगची व्यवस्थाच तशी आहे. शिवाय या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर पुढं-मागं होतं, आणि त्याच्या नळ्या बारीक आहेत. दाट ऑइल सकाळी सकाळी तिथं पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची सर्वात जास्त झीज त्याच पहिल्या क्षणांत होते. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी लिहिलेलं चालेल. एसपी हा २०२० साली आलेला पुढचा दर्जा आहे. तुमच्या गाडीला एसएन पुरतो, पण एसपी मिळत असेल तर तोच घ्या.

तुमच्याकडं डिझेल किंवा टर्बो पेट्रोल असती तर उत्तर बदललं असतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला, सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो म्हणून, कमी राख सोडणारं ऑइल लागतं. काही टर्बो पेट्रोलमध्ये कंपनीनं दिलेला मंजुरी क्रमांक डब्यावर शोधायचा असतो. तिथं नुसता ग्रेड जुळवून भागत नाही.

ऑइल आणि फिल्टर दोन्ही बिलावर आणि ओळखीच्या किंवा अधिकृत दुकानातून घ्या. नकली माल या दोन वस्तूंत सर्रास आहे. डबे रिकामे करून भंगारात देताना मी तरी ते कापून देतो, नाही तर तेच डबे पुन्हा भरून बाजारात येतात. फिल्टरच्या आत दोन झडपा असतात. एक इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही, दुसरी फिल्टर तुंबला तर ऑइलला बाजूनं वाट करून देते. नकली फिल्टरमध्ये पहिली झडप नावापुरती असते. सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते ती बऱ्याचदा त्यामुळंच.

फिल्टरसोबत ड्रेन नटचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या तळाच्या नटाचा, नवा वायसर मागून घ्या. दुकानदार विसरतो, आपणही विसरतो, आणि पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी अंगणात ठिबके पडतात. याच कारणासाठी हे काम दुकानं उघडी असतात त्या दिवशी काढा. गाडी स्टँडवर, ऑइल बाहेर, हातात चुकीचा फिल्टर आणि शटर बंद, हा प्रकार फार त्रासाचा.

बाकी सामान घरात निघेल. सतरा नंबरचा रिंग पाना किंवा सॉकेट, निदान चार लिटर मावेल असं उथळ प्लास्टिकचं घमेलं, नरसाळं, चिंध्या, नायट्राइलचे हातमोजे. फिल्टर सोडवायला पट्ट्याचा पाना. अंगणावर आधी पुठ्ठा अंथरा. सिमेंटनं एकदा ऑइल पिलं की ते डाग साबणानं जात नाहीत. सांडलंच तर लगेच लाकडाचा भुसा किंवा माती टाका, पाणी ओतू नका.

गाडी उचलायच्या आधीच इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन तळाची घाण घेऊन बाहेर येतं. लांबून गाडी चालवून आल्या आल्या मात्र सुरू करू नका. ऑइलनं तर भाजतंच, शिवाय जवळचा एक्झॉस्टचा पाइप हाताला चिकटतो. वरचं ऑइल भरायचं झाकण काढून ठेवा, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल मोकळं पडतं.

आता खाली जा आणि काहीही सोडवायच्या आधी दोन गोष्टी शोधा. इंजिनाचा ड्रेन नट, आणि फिल्टर. इंजिनाला चिकटून गिअरबॉक्स असतो आणि त्यालाही तळाशी ड्रेन नट असतो. तो चुकून खोलला तर काय होतं बघा. गिअर ऑइल जातं, माणसाला वाटतं इंजिनाचं गेलं. मग वरून इंजिनात तीन लिटर नवं ओतलं जातं. म्हणजे इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा. अशी गाडी थोडं अंतर गेली तरी दोन्हीकडं खर्च लागतो. म्हणून ड्रेन नट चेंबरला आहे ना, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीला आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात नीट बघा. खोलल्यावर कळायची खूण अशी की इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळपट आणि पातळ येतं. फिकट, दाट, उग्र वासाचं काही आलं तर लगेच नट परत लावा.

खाली उताणं पडून नटाकडं सरळ बघत असाल तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की नट सुटतो. वाचायला सोपं आहे, पण वरून वाकून हात घातला की दिशा उलटी भासते आणि सोडवतोय म्हणत माणूस आवळत बसतो. पाना षटकोनावर पूर्ण बसू द्या. उघड्या तोंडाचा पाना नको आणि स्क्रू पाना तर नकोच, कोपरे गोल होतात. आधी कुणी तरी राक्षसासारखा आवळून ठेवला असेल आणि नट हलतच नसेल, तर तिथंच थांबा. ऑइल अजून आत आहे, गाडी चालवत गॅरेजला नेता येते.

पहिला झटका पान्यानं, पुढचे आटे बोटांनी. बोटांनी फिरवताना नट वर दाबून धरा, जणू आत ढकलताय. आटे संपले की हाताला कळतं, नट मोकळा डुगडुगतो. त्या क्षणी तो झटकन बाजूला ओढून घ्यायचा. दाबून धरलं नाही तर शेवटचे दोन आटे असताना ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं आणि नट घमेल्यात पडतो. धार सुरुवातीला लांब जाते, म्हणून घमेलं नटाच्या सरळ खाली न ठेवता वीतभर पुढं ठेवा. चेंबर रिकामा होत जाईल तशी धार मागं सरकत येते आणि शेवटी सरळ खाली गळते, तेव्हा घमेलंही मागं घ्या. वारं असेल तर बारीक धार उडते. दहा-पंधरा मिनिटं गळू द्या.

तेवढ्यात निघालेलं ऑइल आणि नट बघून घ्या. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. काजळी आणि घाण ऑइलनं स्वतःत धरून ठेवली, ते त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोडं चाललं तरी काळं होतं. चहासारखं दुधट दिसलं तर मात्र कूलंट मिसळल्याची शंका घ्या. चमचमणारी धातूची कणी दिसली, किंवा पेट्रोलचा वास फार आला, तर पुढच्या कामासाठी मेकॅनिकला दाखवा. नटाच्या टोकाला बारीक राखाडी चिखल असणं सामान्य आहे. चिमटीत घेऊन चोळल्यावर टोचणारे तुकडे लागले तर ते सामान्य नाही.

आता आवळणं. जुना वायसर नटाला किंवा चेंबरला चिकटलेला असतो, तो काढा. एकावर एक दोन वायसर बसले तर गळती ठरलेली. चेंबरचं तोंड चिंधीनं पुसा, नवा वायसर घाला आणि नट बोटांनी चढवा. निदान चार-पाच आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका, उलटा फिरवून पुन्हा सरळ धरा. बोटांनी जात नसलेला नट पान्यानं चढवणं म्हणजे आटे कापणं. पूर्ण बसला की पान्यानं आवळायचा तो साधारण ३५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सतरा-अठरा किलोचा जोर लागतो तेवढा. म्हणजे हाताच्या ताकदीनं, अंग न टाकता. वायसर चेपल्याचं जाणवतं आणि मग पाना घट्ट थांबतो, तिथं आपणही थांबायचं. ‘अजून थोडं, सेफ्टीसाठी’ म्हणून पान्याला पाइप लावणारे लोक आमचा धंदा चालवतात. आटे गेले की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेऊन आट्यांना नवी कॉइल बसवावी लागते, नाही तर चेंबरच बदलायचा. तेवढ्यात कितीतरी वर्षांची मजुरी निघाली असती.

फिल्टर सोडवायला आधी हातानं बघा, मग पट्ट्याचा पाना. आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवायची युक्ती बरेचजण सांगतात. त्यात पत्रा फाटतो आणि बूड तसंच इंजिनाला राहतं, त्यामुळं अगदीच शेवटचा उपाय म्हणून. फिल्टर सैल होताच थोडं ऑइल त्याच्या कडेनं येणारच, खाली घमेलं हवं.

आणि मग जुन्या फिल्टरची काळी रबरी रिंग त्याच्यावरच आहे ना, हे बघा. ती कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही, बोट फिरवल्यावर कळते. त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात. गाडी स्टार्ट केल्यावर दाबानं त्यातली एक बाहेर फेकली जाते आणि मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर येतं. घरगुती ऑइल बदलात इंजिन जॅम होण्याची जी काही कारणं आहेत, त्यात हे माझ्या मते पहिलं.

नव्या फिल्टरच्या रिंगेला नवं ऑइल बोटानं लावा, म्हणजे ती आवळताना मुडपत नाही आणि पुढच्या वेळी चिकटत नाही. हातानं फिरवत न्या. रिंग इंजिनाला टेकली की तिथून पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. हात तेलकट असतील तर पुसून घ्या, पकड आपोआप येते.

वरून नरसाळ्यानं आधी पावणेतीन लिटर ओता. सगळं एकदम नाही. झाकण लावा, गाडी गिअरमधून काढून न्यूट्रलला घ्या आणि इंजिन स्टार्ट करा, रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर दोन मिनिटं तसंच चालू ठेवून बाहेरूनच वाकून नटाकडं आणि फिल्टरकडं बघा, चालत्या इंजिनाखाली जायचं नाही. मग बंद करा, गाडी खाली सपाटीवर घ्या, पाच-दहा मिनिटं थांबून गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून बघा. थोडं थोडं ओतत वरच्या खुणेच्या जरा खाली आणून थांबा. जास्त भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट. पातळी वर गेली की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. जास्त झालं तर नट जरासा ढिला करून काढायचा प्रयत्न करू नका. गेजच्या नळीतून बारीक नळी घालून पिचकारीनं ओढून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात गेज पुन्हा बघा आणि खालचा पुठ्ठाही बघा. तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढचा बदल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षानं, यातलं जे आधी येईल ते. घर ते कारखाना असा दोन-तीन किलोमीटरचाच फेरा असेल तर इंजिन कधी पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साठत जातं. अशा गाडीला सहा महिन्यांनी बदला, किलोमीटर कितीही कमी दिसोत. आणि गाडी यंत्रमागाच्या शेडजवळ उभी राहत असेल तर एअर फिल्टरही उघडून बघा, कापसाचे तंतू तिथं थर धरतात. इंजिन फ्लश म्हणून जी बाटली दुकानदार पुढं करेल ती वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला लागत नाही.

राहिलं जळकं ऑइल. ते गटारीत, शेतात, बांधावर कुठंच ओतायचं नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक मालात मोडतं आणि ते गोळा करणाऱ्याकडं प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. एप्रिल २०२४ पासून ते परत घेऊन पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. तुमच्यासाठी सोपी वाट म्हणजे ते नव्याच्या रिकाम्या डब्यात नरसाळ्यानं भरायचं, त्यात पेट्रोल, कूलंट, पाणी काही मिसळायचं नाही, डब्यावर ‘वापरलेलं’ असं लिहायचं आणि ज्या गॅरेजचं ऑइल परवानाधारक नेतो तिथं नेऊन द्यायचं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तरी ही सोय असतेच, जाऊन विचारा.

शेजारचे कुणी तरी मागतीलच. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावायला, सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला ते पूर्वापार वापरलं जातं. मी देत नाही. त्यात जळून तयार झालेली रसायनं आणि झिजलेला धातू असतो, आणि ते कातडीला सतत लागणं कर्करोगाच्या दृष्टीनं धोक्याचं मानलं जातं. गोठ्याच्या खांबाला तर मुळीच लावू देऊ नका, जनावरं चाटतात. जुन्या फिल्टरला वरच्या घुमटावर खिळ्यानं भोक पाडून रात्रभर घमेल्यात उपडा ठेवा, त्यातूनही कपभर निघतं. ते त्याच डब्यात ओता आणि फिल्टरही डब्यासोबत गॅरेजलाच देऊन टाका.